लास व्हेगास : शेवटचं पान फ्रेमाँट स्ट्रीटवर

ऑनसाइट गेलेला आपला प्रत्येक मित्र एखादा लाँग वीकएंड साधून लास व्हेगासला जाऊन येतो आणि तेच फोटो टाकतो. बेलाजिओचं कारंजं, खोटा आयफेल टॉवर, व्हेनिसची खोटी होडी... मस्तच आहे सगळं! पण तुम्हाला पत्त्यांचं वेड असेल, तर एक संध्याकाळ स्ट्रिप सोडा आणि डाउनटाउनला, फ्रेमाँट स्ट्रीटवर या.

हे जुनं व्हेगास. १९९५ पासून इथे रस्त्यावर छत आहे आणि रात्री त्या अख्ख्या छतावर लाइट शो चालतो. खाली गर्दी, गाणी, बिअर. गोल्डन नगेटच्या बरोब्बर समोर दिसतं ते 'बिनियन्स'. बेनी बिनियननं १९५१ मध्ये इथे 'हॉर्सशू' कॅसिनो सुरू केला. १९७० पासून पोकरची वर्ल्ड सिरीज इथेच भरायची. २००४ मध्ये हॉर्सशू विकला गेला, आता स्पर्धा स्ट्रिपवर भरते. पण पोकरवाले अजून या दारापाशी थांबतात. कारण २००३ चा तो एक हात!

टेबलावर शेवटचे दोघं उरले होते. एक सॅमी फार्हा, तोंडात न पेटवलेली सिगरेट ठेवणारा कसलेला प्रोफेशनल. दुसरा ख्रिस मनीमेकर (हो, आडनाव खरंच हेच), वय २७, टेनेसीचा अकाउंटंट. १०,००० डॉलरची एंट्री त्याला ऑनलाइन स्पर्धा जिंकून मिळालेली. ८३९ जणांतून तो इथवर पोचला होता.

मधली पाच पानं अशी : इस्पिकची नव्वी, छक्की आणि अठ्ठी, चौकटची दुर्री आणि शेवटी बदामची तिर्री. या शेवटच्या पानाला पोकरमध्ये 'रिव्हर' म्हणतात. आता नवीन पान येणार नाही. जे आहे त्यावर बोली लावा, म्हणजे 'बेट' करा, किंवा 'चेक' म्हणजे पैसे न लावता बोलणं पुढच्याकडे द्या.

आपण सगळे दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठे झालो. तिथे चाल द्या नाहीतर पॅक करा, 'चेक' ही सोयच नाही. त्यामुळे बरा हात आला की आपला हात आपोआप चिप्सकडे जातो. इथेच गोची होते!

फार्हाकडे नव्वीची जोडी होती. हात वाईट नाही, पण त्यानं बेट केली असती तर पैसे घालायला कोण आलं असतं? फ्लश किंवा स्ट्रेट लागलेला माणूस. कमजोर हातवाला पानं टाकून निघून गेला असता. म्हणजे जिंकलात तर जास्तीचं काही नाही, हरलात तर जास्तीचा फटका. मधल्या दर्जाचा हात असेल तर चेक, ते यासाठी. फार्हानं चेक केलं. बरोबर केलं.

मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फ्लशही हुकला, स्ट्रेटही. चेक केलं की पानं उघडणार आणि हरणार, हे नक्की. म्हणजे जिंकायचा रस्ता एकच, बेट. त्यानं होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या!

याचं गणितही सोपं आहे. पॉटमध्ये १०० डॉलर आहेत आणि तुम्ही ५० ची थाप मारलीत, तर तीनातून एकदा समोरच्यानं पानं टाकली तरी तुमचा तोटा नाही. आणि समोरच्याला १५० जिंकण्यासाठी ५० घालायचे असतात, म्हणजे तो चारातून एकदा बरोबर ठरला तरी भागतं.

म्हणून चेक केलं की सुटलो, असं नाही. समोरून बेट आली तर काय करायचं, ते चेक करण्याआधीच ठरवावं लागतं. फार्हा बराच वेळ विचार करत बसला... आणि त्यानं जिंकणारी पानं टाकून दिली. मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण आले.

आता तुमचाही हात शिवशिवत असेल! वय २१ पूर्ण हवं, पासपोर्ट जवळ ठेवा. हरले तरी चालतील एवढेच पैसे खिशात घ्या, कार्ड हॉटेलवर ठेवा. रिव्हरला स्वतःला एकच विचारा : माझ्यापेक्षा वाईट हातवाला पैसे घालेल का, किंवा माझ्यापेक्षा चांगला पानं टाकेल का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल, तर चेक.

आणि हो, विचार करताना टेबलावर बोटं वाजवायची सवय असेल तर आवरा. इथे टेबलावर टकटक केलं की डीलर ते चेकच धरतो!