मागे उभा राहणारा

नेमावरला शिक्षक म्हणून आलो, तेव्हा नर्मदेचे विशाल पात्र पाहून मला गोव्यातील मांडवीची आठवण झाली. नर्मदेचे नाभिस्थान म्हणून या क्षेत्राची ख्याती आहे. येथील मुलांना फुटबॉलचा नाद, आणि मलाही.

गतवर्षी एका सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी आमच्या बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. आम्ही हरलो. मी सर्वांदेखत त्या मुलाला फार कठोर बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर येईनासा झाला.

त्या रात्री मला झोप येईना. बालपणी भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात मीही मागेच उभा राहत असे. गोल करणाऱ्याला सारे खांद्यावर घेत. माझ्याकडे कोणी पाहतही नसे. तेव्हा आई म्हणे, “फाटीं उरता तोच घर सांबाळटा.” मागे राहतो, तोच घर सांभाळतो. हे मी कसे विसरलो?

मग महेश गवळी यांची आठवण झाली. १९८० साली जन्मलेले, जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडलेले हे गोव्याचे बचावपटू. २००८ साली ताजिकिस्तानला ४–१ असे नमवून भारताने एएफसी चॅलेंज चषक जिंकला. लोकांच्या स्मरणात राहिले ते सुनील छेत्रीचे तीन गोल. संघात गवळीही होते, हे कितीजण सांगतील? त्या विजयामुळे १९८४ नंतर प्रथमच भारत २०११ च्या आशिया चषकाला पात्र ठरला. कतारमध्ये मात्र तीन सामन्यांत भारतावर १३ गोल झाले. बचावपटूला याहून मोठे दुःख कोणते? तरीही गवळी आपल्या धेंपो क्लबकडून खेळत राहिले आणि २०११-१२ ची आय-लीग धेंपोनेच जिंकली. पुढे राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गातही त्यांनी काम केले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांसमोरच मी त्याची क्षमा मागितली आणि ही हकिगत सांगितली. तो बराच वेळ खाली मान घालून बसला होता. मग हळूच म्हणाला, “सर, तेरा गोल झाल्यावरही ते पुन्हा उतरले?”

“उतरले. मागे कोणीतरी उभे राहावेच लागते ना!”

त्या सायंकाळी तो मैदानावर आला आणि न सांगता आपल्या जागी, मागे, जाऊन उभा राहिला. विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशी धडा मी दिला नाही. मी तो घेतला.