निबंधातला मोर

बरेच दिवस एक गोष्ट लिहीन लिहीन म्हणते आहे, पण हात धजावत नव्हता. कारण त्यात चूक माझीच आहे. आता सत्तरी ओलांडली, कोण काय म्हणेल याची भीती उरली नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

२०२३ च्या सप्टेंबरात मी मुलाकडे गेले होते, न्यू जर्सीत, एडिसनला. सहा महिन्यांचा मुक्काम. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि मला घर खायला उठायचं. सुनेची एक मैत्रीण रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. ती एकदा चहाला आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही तर मराठीच्या शिक्षिका. आमची मोठी मुलं बोलतात, वाचतात, पण लिहायला बसवलं की गप्प होतात. जरा मदत कराल का?"

आंधळा मागतो एक डोळा... मी लगेच हो म्हटलं!

या शाळा म्हणजे मोठं कौतुकाचं काम आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने तिथल्या मराठी शाळांसाठी अभ्यासक्रम आखला, त्याला पुण्याच्या भारती विद्यापीठाचं सहकार्य मिळालं. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी फळ्यासमोर उभे राहतात. शिवाय न्यू जर्सीत २०१६ पासून 'सील ऑफ बायलिटरसी' आहे. इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा नीट येते हे सिद्ध केलं की मुलांना ही मोहोर मिळते. त्यासाठी नुसतं बोलून भागत नाही, लिहायलाही यावं लागतं. म्हणून आईवडिलांना घाई.

माझ्यासमोर बारा ते पंधरा वर्षांची नऊ मुलं होती. मी ऐटीत फळ्यावर विषय लिहिला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी नेहमीची सुरुवात लिहून दिली. आकाशात काळे ढग जमले, मोराने पिसारा फुलवला, वगैरे. एकतीस वर्षं शिकवलेलं, डोळे मिटून येतं.

एका मुलाने हात वर केला. "आजी, मी मोर बघितला नाही. लिहिलं तर खोटं होईल ना?"

"अरे, निबंधात तसंच लिहायचं असतं," मी म्हटलं. वर्गात पुढे काही बोलणं झालं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वेळ बदलल्यामुळे नव्हे. मला एक जुनी वही आठवली.

साधारण १९९४ ची गोष्ट असेल. दहावीचा वर्ग, विषय हाच. आमच्या वढूच्याच एका मुलीने लिहिलं होतं, की पावसात आमचं घर गळतं, आई जिथे थेंब पडेल तिथे भांडं ठेवते. पातेल्याचा आवाज वेगळा, तांब्याचा वेगळा. भीमेला पाणी आलं, वडील पलीकडे अडकले. आई झोपली नाही, पण मला झोप म्हणाली. मी त्यावर लाल शाईने काय लिहिलं? 'विषयांतर. शुद्धलेखन सुधारा.' दहापैकी तीन गुण. आणि फळ्यावरचा मोर उतरवून घ्यायला लावला. मोर आमच्या शिरूर तालुक्यात आहेत, पण ते मोराची चिंचोलीला. ती मुलगी त्या पावसात कुठला मोर बघणार होती?

पुढच्या रविवारी मी विषयच दिला नाही. म्हटलं, "तुमच्या घरातला एक आवाज सांगा." आधी तोंडी. मग तेच, बोललात तसंच, तीन-चार ओळींत लिहा. शब्द अडला तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, थांबू नका. मग मोठ्याने वाचा. चुका सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच.

एका मुलीने बुटाखालच्या बर्फाबद्दल लिहिलं, 'बर्फ कुरकुर करतो.' आपण कुरकुर कुणाची म्हणतो, जुन्या खाटेची नाहीतर सासूची! पण पुढे हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा मी मुद्दाम चालून पाहिलं. खरंच कुरकुर करतो.

आणि मोर न पाहिलेल्या त्या मुलाने लिहिलं, 'बाबा ऑफिसमध्ये मोठा बोलतो. रविवारी आजोबाला फोन करतो. तेव्हा बाबा छोटा होतो.'

माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. 'बाबा बोलतात' हवं, 'आजोबांना' हवं, 'छोटा' नव्हे 'लहान'... आणि हात थांबला. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या बापाला पाहिलं होतं, आणि जेवढी मराठी त्याच्यापाशी होती तेवढ्यात ते सांगितलं होतं. मी त्या दिवशी फक्त 'आजोबाला'चं 'आजोबांना' केलं. 'छोटा होतो' तसंच ठेवलं. ते वाक्य त्याचं होतं.

वर्ग संपल्यावर त्याच्या वडिलांनी वही वाचली. काही बोलले नाहीत. चष्मा मात्र पुसला.

मुलांनी मला विचारलं, आजी तुझं गाव कुठलं? एरवी मी 'पुण्याजवळ' म्हणून मोकळी होते. त्या दिवशी नीट सांगितलं. भीमेकाठचं वढू, तिथली छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. १६८९ साली त्यांना मारलं तेव्हा वयाची बत्तिशीही पुरी झाली नव्हती, आणि तेवढ्या धामधुमीच्या आयुष्यात त्यांनी संस्कृतात 'बुधभूषण' लिहिलं. एकाने विचारलं, "त्यांना होमवर्क कोण देत होतं?" सगळे हसले, मीही हसले. पण मनात आलं, लिहिणाऱ्या राजाची समाधी गावात, आणि मी माझ्या पोरांना एकदाही विचारलं नाही की बाळांनो, तुम्हाला काय दिसतं ते लिहा.

मार्चमध्ये परत आले. फाल्गुन अमावास्येला समाधीवर गर्दी असते, तिथेच ती मुलगी भेटली. मुलगी कसली, चाळिशी उलटलेली बाई. पाया पडली. मी तिला बाजूला घेतलं आणि त्या तीन गुणांची माफी मागितली. ती चकितच झाली.

"अहो बाई, माफी कसली? तुमच्या मोरानेच तर बोर्डात पास झाले. आता लेकीलाही तोच निबंध पाठ करून घेतलाय!"

यावर मी काय बोलणार? तिचंही खोटं नव्हतं. मोराने तिला खरंच तारलं होतं. आपली परीक्षाच तशी होती. मी विचारलं, "भांड्यांचं लिहिलं होतंस, आठवतं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पातेल्याचा आवाज वेगळा यायचा, बाई."

म्हणजे तीस वर्षं ते वाक्य तिच्यापाशी होतं. मी पुसूनही पुसलं गेलं नव्हतं.

आता तिची लेक रविवारी माझ्या ओट्यावर येते, आणखी पाच-सहा पोरं घेऊन. परीक्षेपुरता मोर आम्ही ठेवलाय. तो झाला की दुसरी वही उघडतो. तीत गुण नाहीत. लाल पेन मी नातवंडांच्या चित्रांसाठी देऊन टाकलं.

तिच्या लेकीने परवा घराच्या नव्या स्लॅबबद्दल लिहिलं. पाऊस आला तरी घरात काहीच आवाज येत नाही, म्हणून आजीला करमत नाही, असं.

असो. तुमच्याही शाळेच्या निबंधात मोर होता का हो?