गोकाकचा धबधबा आणि आमचे सोळा गुंठे

गोकाकचा धबधबा मी लहानपणापासून पाहत आलो. शाळेची सहल तिथे, लग्नानंतरची पहिली सहलही तिथेच. गेल्या श्रावणात मात्र मुलासोबत गेलो आणि त्याने तो मला वेगळाच दाखवला. मुलगा बी.ए.ला अर्थशास्त्र शिकतो.

बेळगावहून साठेक किलोमीटरचा रस्ता. वरती हिडकल धरणातून पाणी सोडलेले, त्यामुळे घटप्रभा तांबडी होऊन कड्यावरून कोसळत होती. एकशे सत्तर फुटांची उडी! झुलता पूल लांबूनच पाहिला, महालिंगेश्वराच्या चालुक्यकालीन देवळात दर्शन घेतले आणि कणीस खात कठड्यापाशी उभे राहिलो.

मुलाचे लक्ष पाण्याकडे नव्हते, काठावरच्या गिरणीकडे होते. "बाबा, १८८०च्या दशकात या आडरानात सूतगिरणी का आली असेल?"

मी म्हटले, "कापूस जवळ पिकतो म्हणून."

"कापूस मुंबईलाही जात होताच. इथे पाणी होतं."

मग त्याने सगळे उलगडून सांगितले. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा विकत आणायचा, पुष्कळदा थेट विलायतेहून बोटीने. इथे कड्यावरचे पाणी वळवून खाली सोडले की चक्र फिरते. कामगारांना मात्र या माळावर राहायला वसाहत बांधून द्यावी लागली, तो खर्च वेगळा.

मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (तो १८९४ साली, मार्क्सच्या मागे, एंगल्सने छापला) अगदी धबधब्याचेच उदाहरण आहे म्हणे. मला वाटले, पोरगा थट्टा करतोय. पण त्याने कणसाच्या कागदावर हिशेब मांडला. वाफेवरच्या कारखानदाराला खर्च १०० आणि नेहमीचा नफा १५, म्हणून बाजारात भाव ११५. धबधब्यावाल्याचा खर्च ९०च, पण विकतो तोही ११५लाच. त्याला सुटतात २५.

"हे वरचे दहा कुणाच्या कष्टाचे?" मुलाने विचारले. "मालक जास्त हुशार नाही, त्याचे कामगारही जास्त राबत नाहीत. असा धबधबा दुसऱ्याकडे नाही, एवढंच. आणि ती जागा तिसऱ्याच कुणाची असेल, तर तो म्हणेल, दहा मला दे. त्याला म्हणतात खंड. जागेच्या मालकाने काहीच निर्माण केलेलं नसतं. पैसे फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात."

कणीसवाले अज्जा आमचे मराठी ऐकत होते. हसून म्हणाले, "नीर यारप्पंदरी?" पाणी कुणाच्या बापाचे!

मी हसलो, पण ते मनात अडकले. हमरस्त्याला लागून आमचा सोळा गुंठे माळ आहे. वडिलांच्या हयातीत तिथे कुळीथसुद्धा धड येत नसे. रस्ता चौपदरी झाला आणि एका हॉटेलवाल्याने तो भाड्याने घेतला. भाडे आम्ही दोघे भाऊ वाटून घेतो. निपाणीची अक्का दोन वर्षांपासून आपला वाटा मागते आहे. २००५च्या कायद्याने मुलींना समान हक्क दिला, हे मला ठाऊक नाही असे नाही. तरी मी दर वेळी एकच सांगत आलो : "अक्का, जमीन आम्ही राखली, आम्ही खपलो."

काय खपलो? कुंपणाला चार दगडी खांब पुरले. रस्ता सरकारने केला, ये-जा लोकांची, चुलीपुढे राबतात हॉटेलातली पोरे. आम्ही पहिल्या तारखेला भाडे मोजून घेतो.

मुलाला यातले काही बोललो नाही. त्याला सगळे ठाऊक असावे, नाहीतर कणसाच्या कागदाची घडी करून त्याने ती माझ्याच खिशात कशाला घातली असती?

परतताना गोकाक गावात करदंटाचे तीन डबे घेतले. धाकट्या भावाला फोन लावला आणि म्हणालो, "रविवारी निपाणीला जाऊ. भाड्याची वही घेऊन ये."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्काने काही सांगितलं का तुला?"

"नाही रे. धबधबा बघून आलो."