चहाडखोर

स्वयंपाकघरात व्हिनेगरला मान नाही. कांदा मुरवायचा, नूडल्सवर दोन थेंब शिंपडायचे, की बाटली पुन्हा मिरपुडीच्या मागे. गोव्यात माडाच्या व्हिनेगरचा थाट वेगळा. घाटावर याची पत बेताचीच.

दवाखान्यात मात्र तो 4 टक्क्यांचं ॲसिटिक आम्ल होऊन येतो. रंग नाही, पण नाकात झोंबणारा वास तोच. कापसाचा बोळा बुडवून सिस्टर तो गर्भाशयाच्या मुखाला लावतात आणि घड्याळाकडे बघत बसतात.

"दुखतंय का?"

"नाय, गार लागतंय."

एका मिनिटात चहाडी होते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडू लागलेल्या पेशींत केंद्रकं मोठी, प्रथिनं जास्त, ती आम्लानं थिजतात आणि तिथं पांढरा डाग उमटतो. कर्करोग अजून झालेलाही नसतो. हा कर्करोग घडवणारा एचपीव्ही विषाणू बहुतेकींच्या अंगातून आपसूक निघून जातो. जिथं मुक्काम ठोकतो तिथंही कर्करोग झालाच तर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढ्या अवधीत डाग दिसला, तर गारठवून किंवा तापवून तो तिथल्या तिथं नाहीसा करता येतो.

ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा. नीट उजेड पुरतो. टाटा रुग्णालयानं 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, आणि तीही महिनाभर शिकवून तयार केलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांच्या हातून. त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

पण गडी पक्का नाही. साध्या सुजेवरही पांढरा पडतो. पाळी गेलेल्या बाईत बघायची जागाच आत सरकते, मग हा मुका. उस्मानाबादच्या गावांत एकदाच तपासून बघितलं, तेव्हा याच्यानं मृत्यू फारसे घटले नाहीत. एचपीव्हीच्या चाचणीनं एका फेरीत जवळजवळ निम्मे केले. माझ्या मते तिथं त्याचा पराभव झाला म्हणणं थोडं अन्यायाचं. चहाडखोराला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीविरुद्धची लस आली आहे. मुलींना वेळेवर टोचली तर उद्या व्हिनेगरला फारसं काम उरणार नाही. आज मात्र देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो, आणि 2019-21 च्या पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभरांत दोघींचीही तपासणी झालेली नव्हती. टेबलापर्यंत कुणी आलंच नाही तर हा बिचारा कुणाची चहाडी करणार?

ट्रेमधल्या बाटलीवर चिकटपट्टी आहे, तिच्यावर आजची तारीख. द्रावण रोज नवं करतात. बाहेर बाकावर एक बाई पदर दातांत धरून बसली आहे. सिस्टरनं हाक मारली तशी तिनं चपला दाराशी काढल्या आणि शेजारणीला म्हणाली, "तू जा आधी."