गुंगी, भूल आणि उतारा

आमचा भाचा पशुवैद्य आहे. गेल्या हिवाळ्यात तो नाचणगावला आला तो हातात चौदा पानांचे इंग्रजी टिपण घेऊनच. बंदिस्त लांडगा सुरक्षितपणे कसा धरावा, कसा हाताळावा आणि त्याला गुंगीचे औषध केव्हा व कसे द्यावे, याचे प्रशिक्षण विदर्भातील एका केंद्रात वनमजुरांना आणि प्राणिरक्षकांना द्यावयाचे होते. टिपण परदेशी, शिकणारे आपले. "मामा, आयुष्यभर मराठी शिकवलीत, एवढे करून द्या," असे त्याने म्हटल्यावर नकार देणे शक्य नव्हते. शिवाय, खरे सांगायचे तर, काम आम्हांस सोपे वाटले. बत्तीस वर्षे वर्गात मर्ढेकर उलगडून सांगितल्यावर चौदा पानांचे ते काय!

पहिल्याच पानावर अडलो. जनावर 'रिस्ट्रेन' करणे म्हणजे मराठीत काय करणे? वर्तमानपत्रांनी 'जेरबंद' हा शब्द आपल्या वतीने ठरवून टाकला आहे. बिबट्या जेरबंद, लांडगा जेरबंद आणि मंगळसूत्रचोरही जेरबंदच. वास्तविक जेरबंद म्हणजे घोड्याने मान उडवू नये म्हणून बांधायचा पट्टा. आम्ही शेवटी 'आवरणे' घेतला. आई लेकराला आवरते, गाडीवान बैलांना आवरतो. त्यात बळ आहे, वैर नाही.

जाळ्यासाठी मात्र कोश उघडावा लागला नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात नोकरी करता करता जंगलात राहणाऱ्यांच्या तोंडचे शब्द वेचले, आणि मराठीला ते आयतेच मिळाले. त्यांचे स्मरण करून आम्ही गावाबाहेर उतरलेल्या खानदेशी मेंढपाळांच्या वाड्यावर गेलो. मेंढ्यांभोवती रात्री लावायचे जाळे दाखवून नाव विचारले. "वाघूर," म्हातारा म्हणाला. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे पारध्याचे जाळे. ज्याने श्वापद धरायचे तेच पुढे श्वापदापासून मेंढरू राखायचे साधन झाले, आणि आता आमच्या पानांत ते पुन्हा लांडगा धरायला निघाले होते. दोन टोकांची काठीही तशीच मिळाली: बेळके.

या बेळक्याचा उपयोग वाचताना आम्ही थबकलो. लांडग्याविषयी आपल्या भाषेने फारसे चांगले बोलून ठेवलेले नाही. तुटून पडणाऱ्या माणसांची 'लांडगेतोड' असते, ढोंग्याने मेंढीचे कातडे पांघरलेले असते. भीमाला 'वृकोदर' म्हणतात तेही त्या खादाड पोटापायीच. टिपणात मात्र वेगळाच प्राणी होता. तीन-चार जणांनी आरडाओरडा न करता, एका ओळीत, सावकाश पिंजऱ्यात चालत जावे. लांडगा माणसापासून दूर सरकतो आणि बहुधा आपल्या निजण्याच्या पेटीत शिरतो. पेटीचे झाकण उघडून बेळक्याने त्याची मान अलगद दाबावी, दुसऱ्याने डोळ्यांवर कापड टाकावे. पाळीव कुत्रा अशा वेळी झुंजेल. लांडगा बहुधा कान मागे पाडून जमिनीला चिकटतो आणि निपचित राहतो. अनेकदा लस टोचणे, रक्त काढणे ही कामे औषधाशिवायच उरकतात. तो शांत झालेला नसतो, अतिशय घाबरलेला असतो, असे पुढेच एक वाक्य होते. त्या वाक्याकडे परत येऊ.

औषधाच्या प्रकरणात आमच्या हातून चूक झाली. इंग्रजीत 'सिडेशन' आणि 'ॲनस्थेशिया' वेगळे होते. आम्ही वाचकाची सोय म्हणून दोन्हींना एकच साधा शब्द दिला: "लांडगा झोपल्यावर". वाक्य गोड झाले. पहिल्या प्रशिक्षणात झायलाझिनचे इंजेक्शन दिल्यावर लांडगा कलंडला, एका तरुणाने आमच्या मराठीवर विश्वास ठेवून हात सैल सोडला, आणि कुणाच्या तरी हातून बादली पडली. लांडग्याने मान उचलून जबडा मिटला. दात शर्टाच्या बाहीतून गेले, मनगट वाचले. "पण लिहिले तर होते की तो झोपला म्हणून," एवढेच तो पोरगा म्हणाला. भाच्याने हे फोनवर सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

झायलाझिनने गुंगी येते, झोप नव्हे. जनावराला ऐकू येत असते आणि आवाजाने ते एकदम भानावर येऊ शकते. त्यासोबत केटामाइन दिले की ते हलत नाही, पण डोळे उघडे राहतात, पापणी मिटत नाही. म्हणून बुबुळे कोरडी पडू नयेत यासाठी मलम घालून वर पट्टी बांधायची. उघड्या डोळ्यांचे जनावर 'झोपले' असे लिहिणाऱ्याने कविता शिकवली होती यावर विश्वास बसू नये. दुसऱ्या आवृत्तीत सिडेशनला 'गुंगी' आणि ॲनस्थेशियाला 'भूल' असे दोन शब्द काटेकोर वेगळे ठेवले. भूल या शब्दाचा दुसरा अर्थ आम्हांस तेव्हा फार टोचत होता.

मग संशयाने सगळे टिपण पुन्हा वाचले. उदाहरणातील लांडगा चाळीस किलोचा होता. आपला वीसच्या आसपास भरतो. औषधाची मात्रा वजनावर आणि तीही पशुवैद्यानेच ठरवायची, तेव्हा ते उदाहरणच काढले. "जनावर गार पडू नये म्हणून पांघरूण घाला" ही सूचना बर्फाच्या देशात योग्य असेल. औषधाखालच्या लांडग्याला शरीराचे तापमान सांभाळता येत नाही, आणि वर्ध्याच्या उन्हात ते वरच चढणार. दर पाच मिनिटांनी तापमान पाहावे, १०४ अंश फॅरनहाइटकडे जाऊ लागले की पायांच्या तळव्यांवर, जांघेत पाणी घालावे. तोंडाला बांधायची मुसकी अशी असावी की त्याला धापता येईल. काम पहाटेच. हे सगळे भाच्याने सांगितले, आम्ही लिहून घेतले. बिबट्यांच्या बाबतीत आपल्या परिस्थितीला धरून विद्या अत्रेय आणि अनिरुद्ध बेलसरे यांनी २००७ सालीच मार्गदर्शिका केली होती. लांडग्याच्या वाट्याला एवढे लक्ष क्वचितच येते. देशभरात तो उरला आहे सुमारे तीन हजार.

आता ते वाक्य. १९६८ चा उन्हाळा असावा. आम्ही आठ वर्षांचे. खतासाठी आमच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. रात्री लांडगा आला आणि वाघुरीत अडकला. सकाळी गाव लोटले. तो जमिनीला चिकटून पडला होता, कान मागे, हालचाल नाही. "मेला वाटते," कुणीतरी म्हणाले. तरीही दगड सुरू झाले, आणि त्यांत एक आमचा होता. तो कुठे लागला तेही आठवते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अजून यायचा होता. त्याआधी इंग्रज सरकारने तर लांडग्यांवर बक्षिसेच लावली होती; १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाख लांडगे बक्षिसापायी मारले गेले, असे इतिहासकार महेश रंगराजन यांनी नोंदवले आहे. गावाला दोष देण्याचे कारण नाही. मेंढपाळाची मेंढी गेली होती, त्याची भरपाई कुणी देणार नव्हते. पण मेलेल्या लांडग्याला दगड मारला, या समजुतीवर आम्ही पुढची सत्तावन्न वर्षे निवांत काढली. टिपणाच्या सहाव्या पानावर कळले की तो मेलेला नव्हता.

हे भाच्याला सांगितले नाही. दुसऱ्या प्रशिक्षणाला येऊ का, एवढेच विचारले. फेब्रुवारीतली पहाट होती. आम्हांला जाळीबाहेर उभे केले आणि एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद दिली. बोलण्यावरच ज्याचे पोट भरले त्याला हे जड गेले. तो बाहीवाला तरुण यावेळी डोक्याशी होता. त्याने हात काढला नाही. कुणी बादलीला हात लावला नाही. दात पाहिले, वजन केले, रक्त घेतले. दर पाच मिनिटांनी एक जण बोटांनी तापमान दाखवी.

शेवटच्या औषधाचा शब्द सर्वांत सहज सापडला होता: उतारा. परीक्षेत उताऱ्यावर प्रश्न काढण्यात आमची हयात गेली; विषावरचा उतारा आम्ही कधी पाहिला नव्हता. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही, म्हणून घाई करायची नसते. केटामाइन ओसरण्याआधी दिला तर जनावर ताठरते, झटकेही येऊ शकतात. सगळे थांबले. मग सुई टोचली, डोळ्यांवरची पट्टी आणि मुसकी काढली, आणि माणसे आत गेली तशीच सावकाश बाहेर आली.

लांडग्याने आधी कान हलवला. मग मान. उठला, मागचे पाय लटपटले, पुन्हा बसला. दुसऱ्यांदा उठला तो आमच्याकडे न पाहता पेटीत शिरला. भाच्याने घड्याळ पाहून तक्त्यात वेळ लिहिली: ६ वाजून ५२ मिनिटे.