वहीत सापडलेली गाडी

मंडळी, पुण्याचा माणूस सायकलवर लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही मनात म्हणाल, झालं, आता हा 'आमच्या वेळचं पुणं' काढणार! काढणार आहेच, पण थोडंसंच. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सकाळी भोंगा व्हायच्या आधी रस्त्यावरून सायकलींचा जो लोंढा जायचा, त्यात आपले बाबा ओळखणं हा आम्हा भावंडांचा खेळ होता. मी स्वतः सायकल शिकलो ती खडकी बाजारातून तासाच्या भाड्याने आणून, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून. पुढे कॉलेजात लुना आली आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच.

२००३ साली एम.एस्सी. करायला इंग्लंडात आलो. नोकरी लागल्यावर पहिली मोठी खरेदी केली ती गाडीची. सेकंडहँड होती, पण तिचा फोटो बाबांनी फ्रेम करून टीव्हीवर ठेवला. आयुष्यभर पायडल मारलेल्या माणसाच्या मुलाची चारचाकी! हे एवढ्यासाठी सांगतोय, की गाडीच्या विरोधात काही करणं मला किती जड गेलं असेल ते लक्षात यावं.

आमचं घर पूर्व लंडनमध्ये वॉल्थमस्टोला, शर्नहॉल स्ट्रीटच्या पलीकडे. मार्च २०१४ मध्ये आमच्या वॉल्थम फॉरेस्ट बरोची 'मिनी-हॉलंड' योजनेसाठी निवड झाली. लंडनच्या महापौरांनी बाहेरच्या तीन बरोंना, म्हणजे एनफिल्ड, किंग्स्टन आणि आम्हाला, सायकलींसाठी रस्ते सुधारायला पैसे दिले. आमच्या वाट्याला सुमारे २ कोटी ७० लाख पौंड आले. वॉल्थमस्टो व्हिलेज म्हणून जुन्या घरांचा भाग आहे, तिथल्या गल्ल्यांमधून आरपार जाणारी वाहनं बंद करायची, असा बेत होता. गल्ली बंद म्हणजे घरापर्यंत गाडी नेता येते, पण दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येत नाही. मध्ये खांब किंवा फुलझाडांच्या कुंड्या. सायकल आणि माणूस मात्र सरळ पार.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिच्या शाळेची वाट याच गल्ल्यांतून जायची. शाळेत पालकांची बैठक झाली. एका आईने विचारलं, "एक्सेल कोणाला चांगलं येतं?" सगळ्यांच्या नजरा खोलीतल्या एकुलत्या एक भारतीय चेहऱ्याकडे वळल्या. (हा अनुभव तुम्हालाही असेलच.) अशा रीतीने मी चळवळीत पडलो. तत्त्वासाठी नव्हे, स्प्रेडशीटसाठी.

काम सोपं होतं. गल्ल्यांच्या दोन टोकांना पालकांनी वही घेऊन उभं राहायचं आणि सकाळी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटची शेवटची तीन अक्षरं वेळेसह टिपायची. एका टोकाला आत शिरलेली गाडी दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला बाहेर पडली, तर ती पाहुणी, तिचं इथे काही काम नाही. मी रात्री सगळ्या वह्या घेऊन बसलो. फॉर्म्युला लिहिला, खाली ओढला, जोड्या जुळत गेल्या. आणि त्यात एक ओळ होती: ८.०७ ला ऑरफर्ड रोडवर आत, ८.०९ ला ग्रोव्ह रोडवरून बाहेर. अक्षरं माझ्या गाडीची.

त्या दिवशी क्लायंटकडे लवकर पोचायचं होतं, म्हणून मुलीला शाळेत सोडायचं काम बायकोवर टाकून मी नेहमीच्या शॉर्टकटने निघालो होतो. ग्रोव्ह रोडच्या टोकाला वही घेऊन उभ्या असलेल्या बाई मला हात करून हसल्याही होत्या. मला वाटलं होतं, ओळख दाखवताहेत. दोन मिनिटं! त्या दोन मिनिटांसाठी मी इतरांच्या पोरांच्या वाटेतून जात होतो आणि माझ्या पोरीच्या वाटेतून इतर जात होते. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "ओळ काढून टाक, कोणाला कळतंय?" नाही काढली. एवढंच काय ते माझं शौर्य.

त्याच सुमारास ऑफिसातल्या डच सहकाऱ्याला मी म्हटलं, "तुमचं बरं आहे, तुम्ही जन्मतःच सायकलवर बसता." तो हसला नाही. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती, हे त्याने सांगितलं. 'मुलांचे खून थांबवा' असं सरळ नाव घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले होते. त्याची आईही त्यात होती. हॉलंडचं हॉलंड असं भांडून झालंय, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

भांडण आमच्याकडेही झालं. २०१४ मध्ये आधी थोडे दिवस प्रयोग, मग २०१५ मध्ये रस्ते कायमचे बदलले. ऑरफर्ड रोडच्या उद्‌घाटनाला विरोधक शवपेटी घेऊन आले, व्हिलेज मेलं म्हणून! दुकानदार घाबरले होते, अपंगांना वळसा पडत होता, आणि सगळेच काही हट्टी नव्हते. प्रकरण कोर्टात गेलं, तिथे योजना टिकली.

मला टोचलं ते दुसरंच. आपल्या मंडळातले एक काका हो स्ट्रीटवर दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. (रस्त्याच्या नावात 'हो' असलं तरी काकांचं कायम 'नाही'!) १९७० च्या दशकात आलेले, मला इथे पहिलं घर शोधून देणारे. त्या वर्षीच्या गणपतीत आरती संपल्यावर प्रसादाची वाटी हातात घेऊन ते म्हणाले, "व्हिलेजमधल्या बंगल्यांना शांतता मिळाली, छान झालं. त्या गाड्या कुठे गेल्या, ते तुझ्या एक्सेलला विचारलंस का? मी जन्मात गाडी घेतली नाही. आता तुम्हा सगळ्यांच्या गाड्या माझ्या खिडकीखाली. काकूला दमा आहे, खिडकी उघडता येत नाही."

मी आकडे सांगू लागलो. काही लोक गाडी सोडतात, काही वेळ बदलतात, एकूण रहदारी हळूहळू कमी होते वगैरे. खरंच होतं ते. पण काकू शेजारीच बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे 'एकूण' हा शब्द मला नीट उच्चारता येईना. त्यानंतर वर्षभर काका माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मुलगी नवव्या वर्षी सायकलने शाळेत जाऊ लागली. सुरुवातीला मी मागे, नंतर मी नकोच. २०१६ च्या उन्हाळ्यात बाबा आले होते, तेही माझ्या सायकलवरून ऑरफर्ड रोडला एक चक्कर मारून आले. उतरल्यावर "सीट उंच आहे" एवढंच म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल जागेवर नव्हती! वेस्टमिन्स्टर विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. मिनी-हॉलंडच्या भागातली माणसं आठवड्याला सरासरी ४१ मिनिटं जास्त चालतात किंवा सायकल चालवतात, असं त्यात निघालं. मी तो छापून काकांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी केली आणि विचारलं, "यात हो स्ट्रीट कुठे आहे?"

गाडी आम्ही गेल्या वर्षी विकली. टीव्हीवरचा फोटो पुण्यात अजून आहे. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, शाळेच्या पालकांचा गट पांगला. मला वाटलं, आपलं काम संपलं.

मग या मार्चमध्ये काकांचा फोन आला. "ती तुझी वहीची पद्धत अजून येते ना? बस किती वेळ अडकते, लॉऱ्या किती, सगळं लिहून कौन्सिलला द्यायचंय. आमचा रस्ता काय कोणाचा नाहीये का? सोमवारी सकाळी आठला ये. काकू पोहे करणार आहे."

सोमवारी पावणेआठला गेलो. काकांनी खिडकीशी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, दोन वह्या आणि दोन पेन्सिली. पेन्सिलींना टोक काढलेलं होतं. काच बंदच होती. "तू बस बघ, मी लॉऱ्या बघतो," काका म्हणाले, आणि आम्ही लिहायला सुरुवात केली.