बंध आणि अन्न

मटारची पिशवी काढण्यासाठी आजींनी फ्रीजरचा खण उघडला, तेव्हा तिच्यामागे एका पारदर्शक पाकिटात पाच पांढरे उंदीर ओळीने गोठलेले दिसले. शिकागोच्या उपनगरातील मुलाच्या घरी येऊन त्यांना जेमतेम दोन दिवस झाले होते. बार्शीहून आणलेली, लसूण न घातलेली शेंगाचटणी आणि ज्वारीचे पीठ अजून सामानातून बाहेर निघायचे होते. त्यांनी खण हळूच मिटला, हात धुतले आणि त्या दिवसाच्या उपवासाचे प्रत्याख्यान घेतले. काय घडले ते सुनेला न सांगताच उमगले.

उंदीर नातवाच्या अजगरासाठी होते. त्याच्या वर्गमित्राचे कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेले आणि जाताना ‘बॉल पायथन’ जातीचा तो अजगर काचेच्या पेटीसह या अकरा वर्षांच्या मुलाला देऊन गेले. मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, बिनविषारी, पूर्ण वाढ झाल्यावरही चार-पाच फुटांचा, आणि भ्यायला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवणारा हा जीव. आजींना सापाची किळस नव्हती. नागफणा धारण केलेल्या पार्श्वनाथांसमोर त्या रोज हात जोडत. जळत्या लाकडातील नागयुगुलाची आणि चंडकौशिकाची कथा त्यांनीच या नातवाला लहानपणी फोनवरून सांगितली होती. पेटीपुढे बसून त्यांनी त्या वेटोळ्याकडे बराच वेळ पाहिले. अडचण सापाची नव्हती, सापाच्या जेवणाची होती.

नातवाकडे उत्तर तयार होते. “आजी, मी जिवंत उंदीर देतच नाही. हे आधीच मेलेले असतात. मग पाप कसलं?”

“दुकानात हे पाकीट कोण ठेवतं?”

“दुकानदार.”

“आणि तू नेल्यावर?”

“तो दुसरं ठेवतो.”

“मग ते दुसरं तूच मागवलंस की, बाळा.”

ज्या घराने बार्शीच्या भुसार बाजारात तीन पिढ्या आडत चालवली, त्या घरातील बाईला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. ज्या मालाला उठाव नाही, तो माल बाजारात येत नाही. सापांना घालण्यासाठीच उंदरांची पैदास केली जाते, कार्बन डायऑक्साइड वायूने त्यांना मारले जाते आणि गोठवून विकले जाते. गिऱ्हाईक हाताने मारत नाही, हे खरे. पण कृत, कारित आणि अनुमोदित या तीन वाटांपैकी पहिली बंद झाली म्हणून उरलेल्या दोन बंद होत नाहीत.

मुलाने वेगळा मुद्दा काढला. “आई, आपल्या गोदामात धामण होती. अप्पांनी तिला कधी हुसकलं नाही. ती जिवंतच उंदीर धरायची. निसर्गच तो. मग इथंही जिवंत उंदीर सोडला, तर मारणारा साप. आपल्याकडे दोष कुठला?”

ती धामण आजींना चांगली आठवत होती. ज्वारीच्या थप्प्यांमागून ती सळसळत जाई आणि हमाल क्षणभर थांबून तिला वाट देत. अप्पांनी गोदामात विष कधी ठेवले नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कोणीतरी गावाबाहेर सोडून येई. धामणीने काय खावे आणि काय खाऊ नये, यात मात्र कोणी पडले नाही.

“त्या उंदराला पळायला बीळ होतं,” आजी म्हणाल्या, “आणि धामणीला जायला दार होतं. त्या दोघांच्या मधे आपण नव्हतो. या पेटीत उंदराला कुठं पळायचं?”

त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. पण आठवडाभरात तो अजगरानेच काढला. त्याने खाणे सोडले. चिमट्याने पुढे धरलेल्या उंदराकडे तो पाहीना. एक आठवडा गेला, दुसरा गेला, पाचवा उलटला. “अठ्ठाई चालू आहे त्याची,” असे मुलगा एकदा हसत म्हणाला. आजी हसल्या नाहीत. उपवास स्वतःच्या इच्छेने होतो. दुसऱ्यावर ओढवते ती उपासमार.

दुकानदाराने सोपा उपाय सांगितला होता: जिवंत उंदीर सोडा, हालचाल दिसली की झडप घालेल. ही बातमी नातवाच्या मित्रांपर्यंत पोहोचली आणि शनिवारी ‘ते’ पाहायला येऊ का, अशी विचारणा झाली. नातू रडवेला झाला होता. साप मरेल याचे भय एकीकडे आणि आजीचा चेहरा दुसरीकडे.

त्या रात्री सामायिक झाल्यावरही आजी आसनावरून उठल्या नाहीत. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत त्यांनी ही नावे सुरात पाठ केली होती. त्या क्रमाकडे मात्र आज प्रथमच लक्ष गेले. पहिला दोष बांधून ठेवण्याचा आणि शेवटचा अन्न रोखण्याचा. ज्याला कोंडले नाही, त्याच्या भुकेचे उत्तर आपल्याला द्यावे लागत नाही. कोंडले त्या क्षणी त्याची भूक आपल्या खात्यावर चढते. अजगर पंचेंद्रिय, उंदीरही पंचेंद्रिय; एकाला जगवायचे तर दुसरा जातो. ही वही कोणत्याही बाजूने जुळणारी नव्हती. चूक जेवणाच्या दिवशी झालीच नव्हती; ती पेटी घरात आली त्या दिवशी झाली होती.

पण झालेली चूक आता श्वास घेत होती आणि उपाशी होती. सकाळी आजी मुलाला म्हणाल्या, “जिवंत नको. मुलांनी जमून एकाचं मरण बघायचं आणि त्यात रमायचं, हे तर रौद्रध्यान झालं. ते पाप उंदराच्या मरणाहून वेगळं, वरचं. आधी डॉक्टरला विचार.”

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याने अजगराला वजनकाट्यावर ठेवले. वजन फारसे घटले नव्हते. वाढ झालेला निरोगी बॉल पायथन कित्येक आठवडे अन्नावाचून राहू शकतो, वजन टिकून आहे तोवर घाबरण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. जिवंत उंदराचा सल्ला त्यांनी मोडून काढला. कोपऱ्यात सापडलेला उंदीर जिवाच्या आकांताने चावतो, सापाच्या तोंडावर व डोळ्यांवर खोल जखमा करतो. भूक नसलेला साप स्वतःला वाचवतही नाही. म्हणजे ज्याला ‘निसर्ग’ म्हटले जात होते, त्यात दोन्ही जीवांचे हाल होते.

मग त्यांनी कामे सांगितली. पेटीची उबदार बाजू सुमारे 31 ते 32 अंश सेल्सिअस हवी. लपायला दोन अंधाऱ्या जागा हव्यात. त्याला सारखे हातात घेणे बंद करावे. या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. थंड भक्ष्य त्याला भक्ष्य वाटतच नाही. म्हणून उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावा, मग कोमट पाण्याने पुरता ऊबदार करावा, कोरडा करून लांब चिमट्याने, दिवे मंद करून पुढे धरावा.

घरी पाहिले तर पेटीतील उष्णतामापक 26 अंश दाखवत होता. मुलाने हीटर व त्याचा नियंत्रक बदलला. सुनेने गॅरेजमध्ये लहान वेगळा फ्रीजर आणला. नातवाने खोके कापून आडोसे केले. शनिवारी मित्रांना बोलावले नाही. चौथ्या प्रयत्नाला अजगराने उंदीर घेतला. त्या वेळी खोलीत फक्त नातू होता. आजी पलीकडे माळ ओढत होत्या. बाहेर आल्यावर तो काही बोलला नाही. हात धुऊन आजीजवळ बसला आणि हळूच “मिच्छा मि दुक्कडं” म्हणाला. त्याला तसे म्हणायला कोणी सांगितले नव्हते.

जिवंत भक्ष्य सोडायला एक क्षण लागतो आणि काही शिकावे लागत नाही. मृत भक्ष्य स्वीकारायला लावण्यासाठी उष्णतामापक, धीर आणि अनेक रात्रींची खटपट लागते. आपल्याकडे याला जयणा म्हणतात. जयणेने हिंसा शून्य होत नाही. ती जेवढी अटळ आहे तेवढ्यावर थांबते.

अजगराला सोडून देण्याचा विचारही झाला. इलिनॉयच्या हिवाळ्यात तो जगला नसता. आणि जिथे असे प्राणी जगतात तिथे काय होते, हे फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत दिसते. तेथे पाळणाऱ्यांच्या हातून सुटलेल्या व त्यांनी सोडून दिलेल्या बर्मी अजगरांची संतती स्थानिक सस्तन प्राणी फस्त करत आहे. कोणाला देऊन टाकावा, तर आपले पाप दुसऱ्याच्या पदरात घातल्यासारखे. शेवटी ठरले: हा अजगर असेपर्यंत सांभाळायचा, दुसरा आणायचा नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. अकरा वर्षांच्या मुलाने तो आकडा ऐकला आणि हातावर वजाबाकी-बेरीज करून गप्प झाला. परिग्रह म्हणजे काय, हे त्या दिवशी त्याला प्रवचनाविना कळले असावे.

हा प्रश्न आता केवळ परदेशी घरांचा राहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे आपल्याकडे देशी साप पाळता येत नाहीत. पण परदेशी जातींची हौस पुण्या-मुंबईपर्यंत आली आहे, आणि अशा प्राण्यांच्या नोंदणीसाठी 2024 मध्ये नियमही आले. नोंदणीने कायद्याचे समाधान होते. पेटीतल्या भुकेचे काय, हे घेणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचे असते.

आजी बार्शीला परतल्या. दर रविवारी नातवाचा फोन येतो. तो जेवला का, हे त्यांना विचारावेसे वाटते. पण विचारणे म्हणजे अनुमोदना. न विचारावे, तर त्या मुक्या जिवाची काळजी सुटत नाही. मग त्या क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “पेटीतला बरा आहे ना?”

नातू सांगतो, “बरा आहे, आजी.” त्याहून अधिक तोही सांगत नाही.